लाँचवरचा दिवा

अर्जुना मेटकरी मूळचा आटपाडीकडचा. म्हणजे टँकरचा भोंगा ऐकला की माणसं हातातलं काम टाकून घागरी घेऊन पळतात, त्या बाजूचा. बाप मेंढरं राखायचा. लहानपणी अर्जुनाने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गावचं तळं, आणि त्यातही मेंढराच्या गुडघ्याला लागेल एवढंच. असा माणूस पुढं फौजेत भरती झाला, आणि फौजेने त्याला कुठं घालावं? होड्यांच्या इंजिनांवर. फौजेचा कारभारच तसा. साहेबाने विचारलं, पोहता येतं का. हा ताठ उभा राहून 'नहीं साब' म्हणाला. साहेबाने त्याच दिवशी त्याला पाण्यात ढकललं, आणि विषय संपवला.

पाण्याची भीती गेली ती कायमचीच. आता सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेचा हा गडी सातारा जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, कोयना धरणाच्या फुगवट्यावर लाँच चालवतो. पाच वाड्यांनी मिळून घेतलेली लाँच आहे. अलीकडच्या काठाला धक्का, डांबरी रस्ता, एसटीचा थांबा, किराणा दुकान असं सगळं जग आहे. पलीकडं डोंगर, जंगल आणि वाड्या. वाड्यांत आता माणसांपेक्षा कुलपं जास्त. दिवसभर अर्जुना दूधवाल्यांना, पोस्टमनला, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्यांना, कधी मोटारसायकलींना आणि कधी जत्रेला निघालेल्या बोकडाला ह्या काठावरून त्या काठावर नेतो. बोकडाचं तिकीट लावायचं की नाही यावरून त्याने एकदा लाँचच्या अख्ख्या समितीशी भांडण काढलं होतं. तिकीट लावलंच.

संध्याकाळची शेवटची फेरी मात्र पलीकडं माणसं उतरवून रिकामी परत येते. ती तो एकटा करतो. अंतर तेवढंच, इंजिन तेच, पण दिवसातली सगळ्यात लांब फेरी तीच वाटते.

एकटेपणाची त्याला तशी सवय असायला हवी होती. नोकरीभर तो सीमेवर आणि बायको सुलाबाई आटपाडीत. वर्षातून एकदा सुट्टी. दोघांचं ठरलेलं होतं, पेन्शनीत आलं की मग काय राहायचं ते एकत्र राहायचं. तो पेन्शनीत आला, घराला नवे पत्रे घातले, आणि पत्र्यांवर पहिला पावसाळा पडायच्या आत सुलाबाई ताप अंगावर काढून गेली. जिच्याबरोबर राहायचं म्हणून एवढी वर्षं लांब राहिला, तीच राहिली नाही. त्या घरात त्याला बसवेना. पलटणीतला दोस्त उदयसिंह इकडचा, लाँचच्या समितीचा अध्यक्ष. तो म्हणाला, "मेटकरी, डायवर पायजे, येतुयास का?" अर्जुना ट्रंक उचलून आला.

धक्क्याच्या वर चढावर त्याला एक खोली दिली आहे. खोलीत चूल, खाट, ट्रंक आणि भिंतीवर सुलाबाईचा फोटो. फोटो अशा उंचीवर लावलाय की खाटेवर बसलं की ती बरोबर समोर येते.

अर्जुनाच्या फौजी सवयी दोन, आणि ह्या गोष्टीला त्या दोन्ही लागतात. पहिली अशी, की कुठलंही वाहन लावताना तोंड बाहेर काढून लावायचं. उद्या घाईत निघायची वेळ आली तर वळवत बसायला नको. जीप तशी लावत होता, आता लाँच तशी लावतो. इतर लोक होडीचं तोंड काठाला टेकवतात, हा लाँच फिरवून शेपूट धक्क्याला लावतो आणि तोंड पाण्याकडं ठेवतो. लोक हसतात, हा ऐकत नाही. दुसरी सवय अशी, की अंधारात बटण चाचपडायचं नाही. छपरावरच्या मोठ्या दिव्याच्या बटणाशेजारी त्याने स्वतःच्या हाताने एक लाल टिकलीएवढा दिवा बसवला होता. मोठा दिवा विझला की ती टिकली पेटायची. बटण इथं आहे, एवढंच सांगायला. त्या टिकलीचा त्याला भारी अभिमान. नवा माणूस लाँचवर आला की इंजिनाआधी टिकली दाखवायचा.

आता पलीकडची अंबूबाई.

पलीकडच्या काठावरच्या सगळ्यात जवळच्या वाडीत ती राहते. वाडी म्हणायची ती शिमग्याला आणि गणपतीला. तेवढ्यापुरती घरं उघडतात, मुंबईची माणसं येतात, स्पीकर लागतो. बाकीचं वर्ष वाडीत अंबूबाई, तिची म्हैस आणि चार कोंबड्या. दोन्ही मुलगे मुंबईला. त्यांनी फोन घेऊन दिलाय, पण वाडीत रेंज नाही, म्हणून ती तो तांदळाच्या डब्यात ठेवते आणि बाजारच्या दिवशी ह्या काठावर आली की बाहेर काढते. हाक पोचणार नाही पण दिवा पोचेल, एवढं अंतर तिच्या ओट्यापासून ह्या धक्क्यापर्यंत आहे.

अर्जुना नवा होता तेव्हाची गोष्ट. धुक्याचे दिवस होते. शेवटच्या फेरीला ऐन मध्यावर इंजिन बंद पडलं. चारी बाजूंना पांढरं, काठ कुठला ते कळेना, आणि लाँच हळूहळू वाहायला लागली. तेवढ्यात एका अंगाला पिवळसर काहीतरी हलताना दिसलं. अंबूबाई पाण्यापर्यंत खाली येऊन कंदील हलवत उभी होती. तिला दिसत काहीच नव्हतं. इंजिनाचा आवाज मधेच तुटलेला तिने ऐकला होता, एवढंच. वल्ही मारत अर्जुना त्या उजेडाकडं गेला.

त्या दिवसापासून एक गोष्ट घडायला लागली. अर्जुना लाँच धक्क्याला बांधून छपरावरचा दिवा विझवायचा, आणि पलीकडं अंबूबाईच्या अंगणातला दिवा विझायचा. आधी त्याला वाटलं योगायोग आहे. मग एकदा त्याने मुद्दाम दिवा विझवून पुन्हा लावला. पलीकडचा दिवाही पुन्हा लागला. अर्जुना लाँचवर एकटाच लहान पोरासारखा हसला. म्हणजे हा पोचला एवढं कळेपर्यंत म्हातारी जागी राहत होती. ह्याविषयी दोघं एकमेकांशी एक शब्द कधी बोलले नाहीत. बाजारच्या दिवशी ती लाँचवर यायची, मागच्या फळीवर बसायची. "काल उशीर केलास." "इंजान तापलं हुतं, मावशी." संपलं बोलणं. पण दिवसभरात 'तू घरी आलास का' हे विचारणारं अर्जुनाला दुसरं कुणी नव्हतं. तो एक दिवा विझताना पाहिला की मगच तो चढ चढून खोलीवर जायचा.

अर्जुनाचा मुलगा सूरज शिरवळला कंपनीत आहे, इलेक्ट्रिकच्या खात्यात. चांगला मुलगा. 'बाबा, इकडं या' म्हणून सारखा मागं लागलेला. अर्जुना एकदा जाऊनही आला. फ्लॅट छान, सून मानाने वागणारी. संध्याकाळी तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. समोर हायवे, कारखाने, जिकडं पाहावं तिकडं दिवे. त्यातला एकही दिवा त्याला ओळखत नव्हता. आठवडा काढायचं ठरवून गेलेला माणूस चौथ्या दिवशी एसटीत बसला. सूरजला वाईट वाटलं, आणि खरं कारण सांगायची अर्जुनाला लाज वाटली. पलीकडची म्हातारी दिवा विझवते म्हणून मी इथं राहतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

दिवाळी झाल्यावर सूरज एका सुट्टीला आला तो पिशवीभर एलईडी बल्ब घेऊनच.

"बाबा, हे जुनं बल्ब काढून टाका. नुसती बॅटरी खात्यात."

"दिवा लागतुय न्हवं?"

"दिवा लागतुय. सकाळी इंजान लागत न्हाई, त्याचं काय?"

पोराचं खरं होतं. थंडी पडली की बॅटरी बसायची. पलीकडं दूधवाले किटल्या घेऊन शिव्या देत उभे, आणि हा इकडं दुसरी बॅटरी खांद्यावर घेऊन चढावरून खाली येतोय, असं गेल्या महिन्यात कितीदा तरी झालं होतं. बापलेक कामाला लागले. छपरावरचा जुना बल्ब काढून नवा बसवला, बटण दाबलं. काही नाही. सूरज म्हणाला, "बल्बच खराब निघाला, परत पाठवतो." अर्जुना म्हणाला, "थांब रं, धीर धर जरा." त्याने टेस्टिंगचा दिवा लावून पाहिलं, तर आतल्या दोन वायरी कुणीतरी कधीकाळी उलट जोडलेल्या. जुन्या बल्बाला त्याचं काही वाटत नव्हतं. वीज पुढच्या दाराने आली काय नि मागच्या दाराने आली काय, तो पेटायचा. एलईडीला मात्र वीज पुढच्याच दाराने यावी लागते. वायरी अदलाबदल केल्या, दिवा लख्ख पेटला. मग इंजिन चालू केलं तर तो मिचमिच करायला लागला. त्याला कारण अर्थिंगचा गंजलेला स्क्रू. तो सूरजने काढून पॉलिश पेपरने घासला. बाजूच्या खुणेच्या दिव्यांत डाव्या अंगाच्या लाल काचेमागं पांढरा बल्ब फिका दिसायला लागला, उजवीकडची हिरवी काच निळसर वाटायला लागली. सूरजने जाणूनच लाल काचेसाठी लाल आणि हिरवीसाठी हिरवा बल्ब आणला होता. दुपारपर्यंत सगळं ठाकठीक झालं. बापलेकांनी एका ताटात भाकरी खाल्ली. किती दिवसांनी! निघताना सूरज मोटारसायकलला किक मारत म्हणाला, "बॅटरीची काळजी मिटली आता. तुमची बी मिटवून टाका, कायमचं या शिरवळला."

"बघू की," अर्जुना म्हणाला. सूरज गेला. रस्त्याच्या वळणापलीकडं गाडीचा आवाज जाईपर्यंत अर्जुना तिथंच उभा होता.

त्या संध्याकाळी शेवटच्या फेरीला नवा दिवा पाण्यावर दूरवर पडला. अर्जुना खूश झाला. लाँच फिरवून, शेपूट धक्क्याला लावून त्याने ती बांधली आणि दिवा विझवला. बटणाशेजारची लाल टिकली नेहमीपेक्षा मंद वाटली. धूळ बसली असेल म्हणून त्याने ती अंगठ्याने पुसली. धक्क्यावर येऊन त्याने पलीकडं पाहिलं.

अंबूबाईचा दिवा चालू होता.

त्याने जरा वाट पाहिली. दिवा चालूच. विसरली असेल म्हणून तो वर गेला. चूल पेटवली, भाकऱ्या झाल्या, जेवण झालं, खिडकीतून पाहिलं तर दिवा आपला तसाच. झोपेतून पाणी प्यायला उठला तेव्हाही तसाच. दुसऱ्या संध्याकाळी त्याने विझवलेला दिवा पुन्हा लावून पुन्हा विझवला. पलीकडं काही फरक नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. नव्या पांढऱ्या उजेडामुळं लाँच ओळखू येत नाही की काय, असं त्याच्या मनात आलं. का आपण काही बोललो, तिला लागलं? मग तो दिवसभर आपण काय बोललो ते आठवत बसला. आठवायला तरी काय होतं? 'इंजान तापलं हुतं' एवढंच.

आणि बाजारच्या दिवशी अंबूबाई आलीच नाही. मागची फळी रिकामीच गेली. दुपारच्या फेरीला पलीकडं माणसं उतरवली, त्याने लाँच तिथंच बांधली आणि वाडीची वाट धरली. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्या दारी चालला होता.

अंबूबाई ओट्यावर भिंतीला पाठ टेकून बसली होती. डोळे लालभडक, पाय सुजलेले. त्याला पाहताच ती सावरून बसली.

"आलास? बरं केलंस. बस हितं."

"मावशी, बरं न्हाई का? बाजाराला आला न्हाईसा."

"माजं ऱ्हाऊ दे. तुला काय झालंय ते सांग आदी."

"मला? मला काय धाड भरलीया?"

"रातभर लाँचीवर बसतुयास, आन मलाच इचारतुयास व्हय रं?"

अर्जुना नुसता पाहत राहिला. म्हातारीला ताप चढलाय, भ्रम झालाय, असंच त्याला वाटलं.

"आसा बघू नगंस," अंबूबाई म्हणाली. "माजं डोळं म्हातारं हायती, फुटल्यालं न्हाईत. मोटा दिवा बंद करतुयास आन बारीक करून बसतुयास. पार उजाडूस्तवर. काजव्यावानी दिसतुय हितनं. ह्याच म्हैन्यात गेली न्हवं तुजी मंडळी? तूच बोलला हुतास मागं एकदा."

बोलला होता. कधीतरी, इंजिनाच्या आवाजात, एका वाक्यात. तिने ते लक्षात ठेवलं होतं.

"म्या म्हणलं, आटवण येत आसंल लेकराला. खोलीत करमत नसंल. एवढ्या थंडीचा माणूस पाण्यावर एकटा बसलाय, आन आपुन खुशाल वाकळ पांघरून निजायचं? मला न्हाई जमलं. बसले हितंच दिवा लावून. म्हणलं, पल्याड कुणीतरी हाय एवढं तरी त्याला दिसंल."

अर्जुनाच्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला. टिकली! मंद झालेली टिकली. दिवा विझवला तरी पुरता विझत नव्हता. लाँचचं तोंड पाण्याकडं, दिव्याच्या मागं पत्र्याचा आडोसा, त्यामुळं धक्क्यावरून आणि खोलीवरून त्याला तो मिणमिणता उजेड कधी दिसलाच नाही. दिसत होता फक्त पलीकडं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारी पाय सुजेपर्यंत त्याच्यासाठी थंडीत बसली होती, आणि हा वर घोंगडी ओढून घोरत होता.

गप्प राहिला असता तर चाललं असतं. पण फौजी माणूस, मनात आलं ते बोलून मोकळा झाला.

"मावशी, मी न्हवतो तितं. मी वर खोलीत निजलो हुतो. पोरानं नवा बलब बसवलाय, त्यात कायतरी खोट हाय. बंद केला तरी बारीक पेटतुया."

अंबूबाईने पलीकडच्या धक्क्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी कुणीच न्हवतं?"

"न्हाई."

"एकदिस बी?"

"न्हाई, मावशी."

"आगं बया बया!" ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हंजी मी बलबाची राखण करत हुते व्हय! ऐकलं तर पोरं मुंबैस्नं हसत येत्याल." अर्जुनालाही हसू आलं. दोघं हसली. म्हैस मान वळवून बघायला लागली. मग अंबूबाईचं हसणं थांबलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मी बोलत बी हुते रं," ती म्हणाली.

"कुणासंगं?"

"हितंच बसून. कायबाय. पोरांचं, ह्यास्नी जाऊन किती वरसं झाली त्येचं. पल्याड जागं माणूस हाय म्हणल्यावर बोलावं वाटतंय. ऐकू जात न्हाई ते काय मला कळत न्हाई का? पर जागं हुतं न्हवं कुणीतरी." मग तिने हात झटकला. "जाऊ दे. तू त्यो दुरुस्त कर आदी. जिवाला घोर नगं."

अर्जुना उठला. "पायाला गरम पाणी घ्या, मावशी," एवढंच म्हणाला आणि निघाला. लाँचपाशी त्याची वाट पाहणारा दूधवाला उशिराबद्दल बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात अर्जुनाने इंजिन चालू केलं.

ह्या काठावर आल्यावर अर्जुनाने सूरजला फोन लावला.

"बाबा, ती तुमची लाल टिकली हाय न्हवं, तिचीच करणी हाय," सूरज म्हणाला. "दिवा बंद असला की टिकलीतनं थेंब थेंब करंट पुढं दिव्यात जातुय. जुना बल्ब दांडगा, त्याला त्या थेंबाचं कायच वाटत न्हवतं. एलईडीला तेवढं बी पुरतंय. टिकलीची दुसरी वायर दिव्यावरनं काढा आणि सरळ अर्थला जोडा, मग ती कायमच पेटती राहील. पण राहू दे की तसाच, त्यात बॅटरी काय जात न्हाई. काय बिघडतंय?"

"बिघडतंय," अर्जुना म्हणाला आणि फोन ठेवला.

खोट बल्बात नव्हती. खोट त्याच्या लाडक्या टिकलीत होती आणि त्याने ती स्वतःच्या हाताने बसवली होती. त्याने पाना-पक्कड काढली, वायर सोडवली, अर्थला नेली. संध्याकाळी शेवटची फेरी झाली, लाँच बांधली, दिवा विझवला. टिकली पूर्वीसारखीच लालभडक होती. अर्जुनाने मुद्दाम पुढं जाऊन छपरावर वाकून पाहिलं. दिवा ठार काळा. आणि पलीकडं अंबूबाईचा दिवा तत्काळ विझला. वाट पाहत बसली असावी, तसा विझला.

झालं. सगळं पूर्वीसारखं झालं. हेच हवं होतं. तरी अर्जुनाचा पाय धक्क्यावरून हलेना. पलीकडं काळोख, इकडं काळोख, मधे पाणी. त्या काळोखात आता एक म्हातारी गप्प पडली असेल, हे काही केल्या त्याच्या डोक्यातून जाईना. त्याच्या नावाने तिला थोडे दिवस कुणीतरी मिळालं होतं. ते त्याने पक्कड लावून काढून घेतलं होतं. आणि खरं सांगायचं तर ते जे कुणी मिळालं होतं, ते व्हायला त्याला तरी काय अडचण होती? खोलीत त्याची वाट पाहत बसणारं कोण होतं? भिंतीवर फोटो. फोटो काही उठून जेवायला वाढत नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी त्याने लाँच बांधली आणि दिवा विझवला नाही. वर जाऊन भाकऱ्या केल्या, कालवण केलं, ताट, तांब्या आणि घोंगडी घेऊन खाली आला. लाँचच्या पुढच्या तोंडावर, दिव्याच्या बरोबर उजेडात, पलीकडं तोंड करून मांडी घालून बसला. अंबूबाईचा दिवा चालू होता. पहिला घास घेताना त्याला फार चमत्कारिक वाटलं. आजूबाजूला कुणी नाही ना, हे पाहून घेतलं आणि घसा खाकरून पाण्याकडं बघत तो म्हणाला, "वांगं केलंया आज, मावशी. जरा तिकाट झालंय."

ऐकू जाणार नव्हतं. ते काय त्याला कळत नव्हतं का?

मग त्याला बोलताच आलं. इंजिनाविषयी बोलला, बोकडाच्या तिकिटाविषयी बोलला. सुलाबाईचा ताप सुरू झाला तेव्हा आपण पत्रे ठोकत होतो, आणि ती खालून म्हणाली होती की जरा बसा माझ्याजवळ, आणि आपण म्हणालो होतो की एवढी एक ओळ होऊ दे, हेही बोलला. हे तो आजवर कुणाशीच बोलला नव्हता. सूरजशीही नाही. डोळे पुसले, हात धुतले, ताट विसळलं. मग उठून दिवा विझवला. पलीकडचा दिवा विझला.

तेव्हापासून तो रोज खालीच जेवतो. सूरजला फोनवर कळलं तेव्हा तो म्हणाला, "बाबा, एवढा वेळ दिवा? बॅटरीचं काय?"

"तूच म्हणालास न्हवं, तुझा बलब बॅटरी खात न्हाई म्हणून?"

"ते खरं. पण एकटं पाण्यावर बसून जेवायचं म्हंजी..."

"एकटं न्हाई," अर्जुना म्हणाला. मग पुढं सांगायचं टाळून सुनेची तब्येत विचारली.

पुढच्या बाजाराला अंबूबाई लाँचवर आली. पायाची सूज उतरली होती. नेहमीसारखी मागच्या फळीवर बसली, कोंबड्यांची पाटी मांडीशी घेतली. अर्जुनाने इंजिन चालू केलं. दोघंही दिव्याविषयी काही बोलली नाहीत. लाँच ह्या काठाला लागली, माणसं उतरली. अंबूबाई सगळ्यांच्या शेवटी उठली, पाटी त्याच्या हातात दिली, धक्क्यावर पाय ठेवला आणि पाटी परत घेता घेता म्हणाली, "काल लय उशीर केलास जेवाया."

"भाकऱ्या करपल्या, मावशी. दुसऱ्या केल्या."

"सांगायचं तरी," ती म्हणाली. मग, सांगणार कसं हे तिचं तिलाच कळलं असावं, म्हणून जरा रागानेच तिने पुढचं बोलून टाकलं. "ताट वाढून बसले हुते म्या. कालवण गार झालं."

ती बाजाराच्या वाटेला लागली. अर्जुना दोर हातात धरून उभा राहिला. फौजेतली सगळी वर्षं तो आचाऱ्याच्या हातचं लाइनीत उभा राहून जेवला, पुढची सगळी वर्षं एकटा. तो आल्याशिवाय ताटावर न बसणारं माणूस एकच होतं, आणि तेही वर्षातून एका सुट्टीपुरतं. आता पाण्याच्या पलीकडं एक ताट थांबतं. दूधवाल्याने दोनदा हाक मारली तेव्हा तो भानावर आला.

त्या दिवशी अर्जुनाने भाकऱ्या दुपारीच थापून ठेवल्या.